नकाराचा अखत्यार : खासगी जेट-वैमानिकाच्या पेशाचा आढावा

विमानवाहतुकीविषयी आपल्याकडे जे लेखन होते ते बहुतांशी वेळापत्रकाने चालणाऱ्या मोठ्या विमानकंपन्यांभोवतीच घोटाळत राहते. ज्यांची उड्डाणे विमानतळाच्या कोणत्याही फलकावर झळकत नाहीत, ज्यांचा प्रवासी एका आसनाचे तिकीट न काढता अख्खे विमानच भाड्याने ठरवितो, आणि ज्यांना उद्याचा मुक्काम कोणत्या गावी पडणार हे आज दिवेलागणीपर्यंत ठाऊक नसते, अशा खासगी जेट-कंपन्यांतील वैमानिकांच्या पेशाचा साकल्याने विचार झालेला क्वचितच आढळतो. जो विचार होतो तो विमानाच्या अंतर्भागातील कातडी आसनांचा आणि त्यांवर बसणाऱ्या धनिकांचा असतो. पुढच्या दोन आसनांवर बसलेल्या माणसांचा नसतो. प्रस्तुत लेखात या पेशाचा इतिहास, त्याची कायदेशीर चौकट, त्यातील दैनंदिन काम, त्याचे शिक्षण आणि त्यातील धोके यांचा क्रमाने आढावा घ्यावयाचा आहे. तो घेताना एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते ती अशी, की या वैमानिकाचा खरा कस विमान चालविण्यात जितका लागतो त्याहून अधिक, पैसे मोजणाऱ्या माणसाच्या तोंडावर ‘आज जाता येणार नाही’ असे सांगण्यात लागतो.

या व्यवसायाचा जन्म दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेतला. युद्धातून परतलेल्या वैमानिकांना आणि उरलेल्या विमानांना मोठमोठ्या उद्योगसमूहांनी आपल्या पदरी घेतले. लॉकहीड कंपनीच्या ‘जेटस्टार’ विमानाने १९५७ साली पहिले उड्डाण केले, आणि बिल लिअर यांच्या ‘लिअरजेट २३’ या छोट्या विमानाने ७ ऑक्टोबर १९६३ रोजी विचिटा येथे आकाशात झेप घेतली, तेव्हा जेटची गती सहा-सात माणसांच्या आटोपशीर विमानात येऊन बसली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६४ साली, ‘एक्झिक्युटिव्ह जेट एव्हिएशन’ ही जेट भाड्याने देणारी कंपनी निघाली. रिचर्ड सँटुली या गणिताचा व्यासंग असलेल्या वित्तव्यवसायिकाने ती १९८४ साली विकत घेतली, आणि १९८६ साली ‘नेटजेट्स’ या नावाने विमानाची मालकी अंशाअंशाने विकण्याची योजना काढली. सोळाव्या हिश्शाच्या मालकाने वर्षाकाठी पन्नास तास उडावे, आणि विमान, वैमानिक, दुरुस्ती यांची सारी उठाठेव कंपनीने करावी, असा तो सौदा होता. वॉरन बफे यांच्या ‘बर्कशायर हॅथवे’ने १९९८ साली ही कंपनी ७२ कोटी ५० लक्ष डॉलरांना घेतली. या योजनेमुळे वैमानिकाच्या दृष्टीने एक मोठे स्थित्यंतर घडले. पूर्वी तो एखाद्या धनिकाच्या पदरचा माणूस होता आणि त्याची नोकरी मालकाच्या मर्जीवर अवलंबून असे. आता तो शेकडो विमानांच्या ताफ्यातील, लेखी सेवाशर्ती आणि कामगार-संघटना असलेला नोकरदार झाला. या दोन टोकांच्या मध्ये, चार-दोन विमाने बाळगणाऱ्या लहान चार्टर-कंपन्यांचा विस्तीर्ण मुलूख पसरलेला आहे, आणि या पेशाचे बहुतेक प्रश्न त्याच मुलुखात उद्भवतात.

कायद्याची चौकटही अशीच तीन पदरी आहे. अमेरिकेच्या नियमावलीतील भाग १२१ नियमित विमानकंपन्यांना लागू होतो, भाग १३५ भाड्याच्या उड्डाणांना आणि भाग ९१ मालकाच्या स्वतःच्या वापराला. भाग १३५ खाली दोन वैमानिकांच्या विमानावर चोवीस तासांत दहा तासांहून अधिक उड्डाण करता येत नाही आणि दहा तासांची सलग विश्रांती द्यावी लागते. मालकाच्या खासगी विमानावर मात्र अशी मर्यादा कायद्याने घातलेली नाही. म्हणजे तेच विमान, तोच वैमानिक आणि तेच आकाश असूनही, आजचे उड्डाण कोणाच्या खर्चाने होत आहे यावरून त्याच्या थकव्याचे मोजमाप बदलते. आपल्याकडे खासगी उपयोगाची विमाने वेगळी नोंदली जातात, आणि भाड्याने उडणाऱ्या कंपनीला नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाकडून, म्हणजे ‘डीजीसीए’कडून, बिगर-वेळापत्रकी सेवेचा परवाना घ्यावा लागतो. या क्षेत्रातील लोक त्यास ‘एनएसओपी’ म्हणतात. १९३४ च्या जुन्या विमान-कायद्याची जागा आता १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली आहे. या साऱ्या पाठभेदांत एक तत्त्व मात्र सर्वत्र समान आहे. विमानाचे काय करावयाचे याचा अंतिम अखत्यार कॅप्टनचा, असे आंतरराष्ट्रीय नागरी विमानोड्डाण संघटनेच्या नियमांत निःसंदिग्धपणे नमूद आहे. हा अखत्यार कागदावर प्रत्येक कॅप्टनला सारखाच मिळालेला आहे. तो बजावण्याची सोय मात्र सर्वांना सारखी मिळालेली नाही.

हा भेद कोठून येतो हे कळण्यासाठी त्याच्या दिवसभराच्या कामाकडे जवळून पाहिले पाहिजे. मोठ्या विमानकंपनीचा कॅप्टन विमानाशी पोचतो तेव्हा मार्गाचा आराखडा, इंधनाचा हिशेब, वजनाचा ताळेबंद आणि हवामानाचा अहवाल ही सारी कागदपत्रे दुसऱ्या कोणीतरी तयार करून ठेवलेली असतात. सामान चढविणारा निराळा, प्रवाशांची समजूत घालणारा निराळा. खासगी जेटचा वैमानिक यातील पुष्कळसे स्वतः करतो. तो उड्डाणाच्या तासदीड तास आधी येतो. इंजिनांच्या तोंडावरची आच्छादने आणि वेगमापक नळ्यांवरच्या लाल फिती लावलेल्या टोप्या काढून मोजून ठेवतो, कारण त्यातील एक राहिली तर वेगाचा काटा खोटे बोलू लागतो. टायर, तेल, प्राणवायूचा दाब पाहतो. मग बर्फ, कॉफी, वर्तमानपत्रे आणि जेवणाचे डबे जागच्या जागी लावतो, स्वच्छतागृह पाहून घेतो, आणि प्रवासी आले की त्यांच्या बॅगा स्वतः उचलून वजनाच्या अदमासाने सामानकक्षात रचतो. आठ माणसे येणार म्हणून सांगितलेले असते आणि प्रत्यक्षात नऊ येतात, किंवा गोल्फच्या काठ्यांचे चार संच जास्तीचे निघतात, तेव्हा इंधन आणि वजन यांचा हिशेब त्यालाच तेथे उभ्याउभ्या नव्याने मांडावा लागतो. ज्याच्याशी त्याने हसून हस्तांदोलन केले, ज्याच्या मुलांची नावे त्याला ठाऊक आहेत, त्याच गृहस्थाला दहा मिनिटांनी ‘एवढे सामान नेता येणार नाही’ असे त्याला सांगावे लागते. मोठ्या विमानाच्या कॅप्टनचे आणि प्रवाशांचे दर्शनही एकमेकांस घडत नाही, आणि हे न घडणे हेच त्याच्या निर्णयाचे पहिले संरक्षण असते.

तांत्रिक बाजूनेही हे काम सोपे मुळीच नाही. ही विमाने प्रवासी विमानांच्या वरून, चाळीस ते पन्नास हजार फुटांच्या दरम्यान उडतात. त्या उंचीवर विमानातील हवेचा दाब गेला तर मनुष्य जेमतेम दहा-वीस सेकंद शुद्धीवर राहतो. २५ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑर्लँडोहून डॅलसकडे निघालेल्या एका ‘लिअरजेट ३५’ मधील सहाही जण असेच निश्चेष्ट झाले, आणि ते विमान स्वयंचलित यंत्रणेच्या हवाली होऊन इंधन संपेपर्यंत उत्तरेकडे उडत जाऊन साउथ डकोटात कोसळले. उलट उतरताना जी धावपट्टी मिळते ती कित्येकदा आखूड असते, डोंगरांच्या बेचक्यात असते, आणि तेथे मार्गदर्शक यंत्रणा असेलच असे नसते. विमानकंपनीचा वैमानिक वर्षानुवर्षे त्याच त्या विमानतळांवर ये-जा करतो. याला मात्र पूर्वी कधी न पाहिलेल्या ठिकाणी रात्री उतरण्याचा प्रसंग वारंवार येतो.

प्रशिक्षणाच्या बाबतीत या पेशाने सर्व विमानोड्डाणावर एक उपकार करून ठेवला आहे, त्याचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. पॅन ॲम कंपनीचे संस्थापक हुआन ट्रिप यांचे खासगी वैमानिक अल युल्ट्शी यांच्या लक्षात आले की, उद्योगपतींची विमाने चालविणाऱ्या वैमानिकांना त्या विमानांचे पद्धतशीर शिक्षण कोणी देतच नाही. त्यांनी १९५१ साली ‘फ्लाइटसेफ्टी’ ही संस्था काढली, आणि पुढे सिम्युलेटरवरील शिक्षण देणाऱ्या जगातील अग्रगण्य संस्थांत तिची गणना झाली. आज प्रत्येक जेटच्या प्रकारासाठी वेगळे टाइप रेटिंग लागते, आणि कॅप्टनला ठरावीक मुदतीने परीक्षकासमोर पुन्हा सिद्ध व्हावे लागते. या शिक्षणाचा खर्च पुष्कळदा कंपनी करते आणि त्याच्या मोबदल्यात वैमानिकाकडून काही वर्षांचे बंधपत्र लिहून घेते. व्यवहार म्हणून ही गोष्ट गैर नाही. पण ज्याने नोकरी सोडताच मोठी रक्कम भरावयाची आहे, त्याची नकार देण्याची हिंमत तेवढ्या प्रमाणात कमी होते, हेही विसरता येत नाही.

कामाच्या वेळांविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, नेटजेट्ससारख्या मोठ्या कंपनीत सात दिवस काम आणि सात दिवस सुटी असा पाळीचा शिरस्ता रूढ झाला आहे. वैमानिक आपल्या घराजवळच्या विमानतळावरून निघतो आणि जेथे विमान असेल तेथे कंपनीच्या खर्चाने पोचतो. त्या सात दिवसांत तो सर्वस्वी कंपनीचा, पुढच्या सात दिवसांत सर्वस्वी घरचा. लहान कंपन्यांत मात्र फोन वाजला की निघावयाचे अशी वहिवाट असते. तेथे उड्डाणांचे तास थोडे आणि ताटकळण्याचे तास फार. सकाळी सातला प्रवाशांना पोचविले की रात्री नऊपर्यंत परक्या विमानतळाच्या प्रतीक्षागृहात बसून राहावे, आणि मग शिणलेल्या डोळ्यांनी परतीचे उड्डाण करावे, हा तिथला नित्याचा दिनक्रम. मुलाच्या वाढदिवसाला ‘येतो’ असे निश्चयपूर्वक सांगता न येणे ही या घरांतील कायमची रुखरुख आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. २९ मार्च २००१ रोजी लॉस एंजलिसहून कोलोरॅडोतील अ‍ॅस्पेनकडे एक भाड्याचे ‘गल्फस्ट्रीम ३’ विमान निघाले. अ‍ॅस्पेनचा विमानतळ रॉकी पर्वतातील एका अरुंद खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ७,८०० फुटांवर आहे, आणि या जातीच्या विमानाला तेथे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने उतरण्याची मुभा नव्हती. प्रवासी उशिरा आल्याने विमान सुमारे चाळीस मिनिटे विलंबाने सुटले, म्हणजे मुदतीत पोचण्याची उसंत जवळजवळ संपली. विमान कदाचित दुसरीकडे न्यावे लागेल, ही गोष्ट निघण्यापूर्वीच बोलली गेली होती. ती ऐकून ज्याने विमान ठरविले होते त्याने आपल्या साहाय्यकामार्फत कंपनीकडे आपली तीव्र नाराजी कळविली. खोऱ्यात हिमवर्षाव चालला होता. पुढच्या विमानाने उतरण्याचा प्रयत्न सोडून दिल्याचे या वैमानिकांनी ऐकले होते. अखेरच्या टप्प्यात एक प्रवासी वैमानिकांच्या मागच्या जादा आसनावर येऊन बसला होता, असे ध्वनिमुद्रणावरून दिसते. धावपट्टी दिसत नसतानाही विमान ठरलेल्या किमान उंचीच्या खाली उतरविण्यात आले आणि सायंकाळी सातच्या सुमारास ते टेकडीवर आदळले. अठराही जण मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने आपल्या निष्कर्षात वैमानिकांच्या चुकीबरोबरच ग्राहकाचा दबाव, निघण्यास झालेला विलंब आणि रात्रीच्या निर्बंधाची टळत चाललेली वेळ ही सहायक कारणे म्हणून स्पष्टपणे नोंदली.

या अपघातात कोणी कोणाला विमान खाली घेण्याचा हुकूम दिला नव्हता, आणि माझ्या मते त्यातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट हीच आहे. दबाव असा हुकमाच्या रूपाने क्वचितच येतो. तो एखाद्या नाराजीच्या निरोपाने, मागच्या आसनावर येऊन बसलेल्या माणसाच्या नुसत्या उपस्थितीने, गेल्या महिन्यात ज्याने ‘नाही’ म्हटले त्याला पुढचे काम मिळाले नाही या कुजबुजीने येतो. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. येथे भिडेची किंमत भिकेहून फार मोठी मोजावी लागते. विमानकंपनीच्या कॅप्टनने उड्डाण रद्द केले तर त्याच्या पाठीशी एक सबंध दप्तर, एक नियमपुस्तक आणि एक संघटना उभी राहते. चार विमानांच्या कंपनीचा कॅप्टन मात्र आपल्या एकमेव मोठ्या ग्राहकापुढे एकटा असतो. पाण्यात राहून माशाशी वैर करण्याचे धैर्य प्रत्येकाने प्रत्येक वेळी दाखवावे, ही अपेक्षा माणसाच्या स्वभावाला धरून नाही.

दुसरा धोका याच्या उलट दिशेने येतो. तेथे दबाव नसतो आणि देखरेखही नसते. ३१ मे २०१४ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील बेडफर्ड येथे एका खासगी मालकाचे ‘गल्फस्ट्रीम ४’ विमान धावपट्टीवरून उचललेच नाही आणि पलीकडच्या ओढ्यात जाऊन पेटले. सातही जण गेले. उभ्या विमानाची नियंत्रणे वाऱ्याने हलू नयेत म्हणून जी कुलूपपट्टी लावतात, ती काढावयाचीच राहून गेली होती. उड्डाणापूर्वी नियंत्रणे पूर्णपणे हलवून पाहण्याची जी अगदी प्राथमिक तपासणी असते, तिने ही चूक तत्काळ उघडी पडली असती. त्या विमानाच्या नोंदी तपासल्या तेव्हा आढळले की, आधीच्या १७५ उड्डाणांपैकी केवळ दोन वेळा ही तपासणी पूर्ण झाली होती. दोघेही वैमानिक अनुभवी होते आणि वर्षानुवर्षे एकत्र उडत होते. ही हयगय त्या दोघांपुरतीच होती काय, याचा शोध घेण्यासाठी पुढे अमेरिकेतील व्यवसाय-विमान संघटनेने एक लक्ष त्रेचाळीस हजारांहून अधिक उड्डाणांच्या नोंदी तपासल्या. त्यांतील सुमारे १८ टक्के उड्डाणांत ही तपासणी अर्धवट झाली होती किंवा मुळीच झाली नव्हती. कोणी जाब विचारणारा नसला की उत्तम माणसांचीही शिस्त कशी हळूहळू झिजते, याचा याहून बोलका पुरावा सापडणे कठीण आहे. प्रवासी नसलेल्या रिकाम्या फेऱ्यांत, ज्या या व्यवसायात अपरिहार्य असतात, ही झीज अधिकच जाणवते. १५ मे २०१७ रोजी फिलाडेल्फियाहून न्यू यॉर्कजवळच्या टेटरबरो येथे निघालेले ‘लिअरजेट ३५’ अशाच रिकाम्या फेरीवर होते; कंपनीच्या नियमाप्रमाणे ज्या सहवैमानिकाच्या हाती विमान द्यावयाचे नव्हते त्याच्या हाती ते दिले गेले, आणि दोघेही प्राणास मुकले.

भारतात, आणि विशेषतः महाराष्ट्रात, हे प्रश्न निराळ्या वेषात उभे राहतात. ज्या जुहूच्या धावपट्टीवर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन उतरले, ती आज जेट विमानांना अपुरी पडते. त्यामुळे मुंबईची खासगी जेट विमाने सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळावर प्रवासी विमानांच्या रांगेत उभी राहतात. तेथे वेळ ठरवून मिळते, विमान उभे करण्यास जागा मिळतेच असे नाही, आणि दिलेली वेळ हुकली की सारा कार्यक्रम कोलमडतो. अ‍ॅस्पेनमध्ये जे काम मावळत्या सूर्याने केले तेच येथे हुकत चाललेला स्लॉट करू शकतो. पावसाळ्याचे चार महिने, सह्याद्रीवर टेकलेले ढग, जिल्ह्याच्या गावांतील आखूड धावपट्ट्या आणि निवडणुकीच्या दिवसांत एकेका नेत्याच्या एका दिवसात चार-चार सभा, या सर्वांची बेरीज वैमानिकाच्या शिरावर येऊन पडते. ३० सप्टेंबर २००१ रोजी माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला जात असता त्यांचे छोटे विमान खराब हवेत मैनपुरीजवळ कोसळले, ही गोष्ट अद्याप विस्मरणात गेलेली नाही. १४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणहून आलेले ‘लिअरजेट ४५’ मुसळधार पावसात मुंबईच्या धावपट्टीवर उतरताना कोसळून दुभंगले. आठही जण वाचले ही केवळ दैवाची कृपा. शिवाय आपल्याकडे २०० तासांच्या उड्डाणावर व्यावसायिक परवाना मिळतो, आणि मोठ्या कंपन्यांत भरती मंदावली की नव्याने परवाना मिळालेले कित्येक तरुण लहान जेटवर सहवैमानिक म्हणून रुजू होतात. ज्येष्ठ, बहुधा हवाई दलातून निवृत्त झालेला कॅप्टन आणि त्याच्या शेजारी ‘सर’ म्हणण्यापलीकडे तोंड न उघडणारा पंचविशीतला मुलगा, अशी जोडी जेथे जमते तेथे नकाराचा दुसरा आवाज उमटतच नाही. रुग्णांना आणि प्रत्यारोपणाचे अवयव नेणाऱ्या उड्डाणांत तर दबावाला करुणेचे रूप येते, आणि तो झुगारणे सर्वांत कठीण असते.

मग उपाय काय? केवळ वैमानिकाला धैर्याचा उपदेश करून भागणार नाही. धैर्याची गरजच कमी पडेल अशी तजवीज केली पाहिजे. कोणत्या हवामानात निघावयाचे नाही याच्या मर्यादा कंपनीने आधीच लेखी ठरवून ग्राहकाच्या करारात घातल्या, तर नकार कॅप्टनच्या तोंडून येण्याऐवजी कागदावरून येतो. ग्राहकाचा निरोप वैमानिकापर्यंत थेट न पोचता कंपनीतील जबाबदार माणसापाशी थांबला पाहिजे. विमानातील नोंदी नियमितपणे तपासल्या पाहिजेत, आणि लहान कंपन्यांना ते एकेकट्याने परवडत नसेल तर त्यांनी एकत्र येऊन ती व्यवस्था उभी करावी. अमेरिकेने २०२४ साली भाग १३५ खालील सर्व कंपन्यांना, त्यांचा आकार कितीही लहान असो, सुरक्षा-व्यवस्थापनाची पद्धती बंधनकारक केली आणि त्यासाठी मे २०२७ पर्यंतची मुदत दिली. त्या मार्गाने आपणही निष्ठेने गेले पाहिजे. भाडे घेण्याचा परवाना नसलेल्या खासगी विमानांनी गुपचूप पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा जो प्रकार चालतो, त्यास कठोरपणे आळा घातला पाहिजे, कारण तेथे वैमानिकाला तक्रार करण्यासाठीही जागा उरत नाही. आणि या पेशात शिरू इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींनी पगार आणि विमानाचा प्रकार विचारण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : गेल्या वर्षी या कंपनीत किती उड्डाणे वैमानिकाने रद्द केली, आणि त्यानंतर त्या वैमानिकाचे काय झाले? ज्या कंपनीला या प्रश्नाचे उत्तर मोकळेपणाने देता येते, तेथे नोकरी करण्यास हरकत नाही.

या पेशाविषयी मला नितांत आदर आहे. अपरिचित खोऱ्यात रात्री सुखरूप उतरणारी, सकाळी बॅगा उचलणारी आणि दुपारी ढगांच्या भिंतीपुढून माघारी वळणारी ही माणसे आपल्या कामात कोणाहून उणी नाहीत. पण त्यांच्या सुरक्षिततेचा शेवटचा प्रश्न त्यांच्या कौशल्याचा नसून पैशाचा आहे, असे या सर्व आढाव्यानंतर म्हणावे लागते. कंपनीने रद्द झालेल्या फेरीचेही वेतन वैमानिकाला पूर्ण द्यावे, आणि विमान भाड्याने घेणारा उद्योगपती असो की मंत्री, त्याने न झालेल्या उड्डाणाचे ठरलेले शुल्क कुरकूर न करता भरावे. विमान ठरविताना जे भाडे आपण मोजतो त्यात कॅप्टनची विवेकबुद्धीही आलेली असते. ती नकाराच्या रूपाने हाती पडली म्हणून तिची किंमत चुकविण्यास कोणीही मागेपुढे पाहू नये.